नोटीस बोर्डावरचं आवतन

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते घंटागाडीच्या पुढ्यात हात पसरून उभे होते आणि घंटागाडी मागे मागे सरकत होती. घंटागाडी म्हणजे ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची ट्रॉली; कर्ण्यावर स्वच्छतेचं गाणं जोरात चालू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानं रुजू व्हायला आले होते. जालन्याहून एसटीनं राजूर, राजूरहून काळीपिवळी जीप, आणि पुढे बॅग ओढत गावात. खोली भाड्यानं देणाऱ्या नानांचं घर कुठलं, असं मी एका बाईंना विचारलं, तर त्यांनी पदरानं तोंड झाकून हसत त्या उंच, वाळकुड्या, पांढऱ्या पायजम्यातल्या माणसाकडे बोट केलं.

"ओल्या कचऱ्याचा डबा कोणता? हिरवा. सुक्याचा कोणता? निळा. बराबर?" नाना ड्रायव्हरला विचारत होते.

"बराबर, नाना."

"मंग दोन्ही डबे एकाच ट्रॉलीत काहून ओतून राह्यले? एकत्रच करायचं व्हतं तर आमच्या घरच्या बायकांना येगळं करायला कशाला लावलं?"

"नाना, ट्रॉली एकच हाय ना."

"ट्रॉली एक आहे, मान्य. मधी फळी टाकता येती का न्हाई?"

"फळी कुठून आणू?"

नाना तडक घरी गेले. आपल्या गोठ्याचं दार त्यांनी बिजागरीतून काढलं, करवतीनं मापात कापलं आणि दुपारपर्यंत ट्रॉलीच्या मधोमध ठोकून दिलं. संध्याकाळी बिनदाराच्या गोठ्यातली म्हैस शेजाऱ्याच्या कडब्यावर सापडली, त्यावरून वेगळं भांडण झालं, पण त्या दिवसापासून आमच्या गावातला ओला आणि सुका कचरा वेगवेगळा जाऊ लागला. मला इतका आनंद झाला की मी खोली न बघताच हो म्हणून टाकलं.

खोलीत शिरताना मात्र माझी झडती झाली. "मॅडम, बॅगेत कॅरीबॅग आहे का?" होती. चपला गुंडाळायला घेतलेली. नानांनी ती दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. "ही माझ्या घरात येऊ शकत न्हाई. शासनानं बंद केलेली आहे."

मीही जालन्याची आहे, आम्ही गप्प बसत नाही. म्हटलं, "नाना, शासनानं बऱ्याच गोष्टी बंद केल्यात. सगळ्या चालूच आहेत."

"बाकीच्यांनी चालू ठेवल्या म्हणून मी ठेवू?" ते अगदी निरागसपणे म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या सदऱ्याची शिवलेली पिशवी मला दिली. खिसा तसाच ठेवलेला होता. सुट्टे पैसे ठेवायला बरा पडतो, म्हणाले.

नाना पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. सरकारी योजना कागदावरून उचलून लोकांच्या दारात नेऊन ठेवायची, असं त्यांचं काम. गावात त्यांना सगळे 'जीआरनाना' म्हणत, तेही तोंडावर. जीआर म्हणजे शासन निर्णय. घरात पोथी असते तशी त्यांच्याकडे शासन निर्णयांची चळत होती, आणि नवे निर्णय मोबाइलवर. सकाळी अंघोळ झाली, गंध लावलं की ओट्यावर बसून एक निर्णय मोठ्यानं वाचायचा. कचऱ्याचे, पाण्याचे, झाडांचे त्यांचे विशेष आवडते. विषय, प्रस्तावना, निर्णय, अटी व शर्ती असं सगळं सुरात. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आलं की हात जोडायचे. खाली सही करणाऱ्या उपसचिवालासुद्धा नमस्कार पोचत असणार.

आणि नुसतं वाचन नाही बरं का! जी योजना लोकांना सांगायची ती आधी स्वतःच्या घरात करायची, हा त्यांचा नोकरीतला नेम. त्यामुळे त्यांचं परसदार म्हणजे राज्याच्या धोरणांचं प्रदर्शन होतं. सांडपाण्याचा शोषखड्डा होता, गोबरगॅस होता, गांडूळखताचं टाकं होतं, बिनधुराची चूल होती, सूर्यचूल होती, पन्हाळीचं पाणी विहिरीत सोडणारा पाइप होता. काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, सूर्यचुलीत फक्त पापड वाळवायच्या. "मॅडम, मला सासू एकच व्हती, पण योजना सारख्या येतच राह्यल्या," त्या एकदा म्हणाल्या, "सासू तरी दुपारी झोपायची."

नानांच्या खिशात कायम काडीपेटी असे. बिडी नाही, तंबाखू नाही, मग काडीपेटी कशाला, म्हणून मी बुचकळ्यात पडले होते. एकदा ते माझ्याबरोबर जालन्याला आले. पळसाच्या पत्रावळ्यांची चौकशी करायची होती, कशासाठी ते पुढे येईलच. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एका शेठजींचं द्रोण-पत्रावळीचं ठोक दुकान आहे. शेठजींनी हिरवीगार पत्रावळ पुढे केली. वर पानांच्या शिरासुद्धा छापलेल्या. नानांनी तिचा कोपरा फाडला, काडी ओढली आणि कोपरा पेटवून नाकाशी धरला.

"हे प्लास्टिक आहे, शेठ."

"काका, वर पान आहे ना," शेठजी हसत म्हणाले. "पान सरकारला दाखवा. आतलं रश्श्यासाठी."

"बंदी आहे, माहीत आहे ना?"

"आता बघा काका, सरकार बंद करून राह्यलं, कारखाना बनवून राह्यला, मी बिचारा मधल्यामधे विकून राह्यलो. तुम्ही घेऊ नका, चहा तर घ्या." चहा कागदी कपात आला. नानांनी पुन्हा काडीपेटी काढली. शेठजींनी हात जोडले आणि घरातून स्टीलचा पेला मागवला.

जिलबीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. राजूरला चतुर्थीची गर्दी. काकूंनी येताना जिलबी आणायला सांगितलेली. आणि नानांची पिशवी काळीपिवळीत राहिली. वर्तमानपत्राचा कागद द्या म्हणाले, तर दुकानदाराकडे पातळ कॅरीबॅगच. बरं, काकूंना जिलबीसाठी हो म्हटलेलं, आणि तोललेली जिलबी परत करायची तरी कशी! नाना तिथंच उभे राहिले आणि घरच्या सगळ्यांच्या वाटची जिलबी हातावर घेऊन एकट्यानं खाऊन आले. दोन दिवस अंथरुणाला खिळले. काकू ओव्याचा अर्क देताना बडबडत होत्या, "निर्णय शासनाचा आन् पोट आमचं!" नाना पडल्या पडल्या म्हणाले, "पण एक पिशवी कमी झाली का न्हाई?"

अशा माणसाच्या घरी लग्न निघालं.

लग्न नानांच्या धाकट्या मुलीचं. ती जालन्याला बियाणं कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती, शनिवारी घरी यायची आणि थेट माझ्या खोलीवर येऊन गप्पा मारत बसायची. मला 'ताई' म्हणे. नवरामुलगा अंकुशनगरचा, वडील साखर कारखान्यात नोकरीला, माणसं साधी. सगळं जुळून आलं. थोरल्या मुलीच्या लग्नात नानांनी थर्माकोलच्या ताटल्या बिनदिक्कत वापरल्या होत्या, कारण तेव्हा बंदीचा निर्णय आलेला नव्हता. आता आलेला होता. आता गावजेवणात प्लास्टिकचा एक चमचाही चालणार नव्हता.

तर ताटं कुठून आणायची? पळसाच्या खऱ्या पत्रावळ्या लावून देणारी माणसं मिळेनात. स्टीलची ताटं भाड्यानं मिळत होती, पण लग्न भर उन्हाळ्यातलं, पाणी टँकरचं. सगळ्या गावाची ताटं धुवायला पाणी कुठलं? मी म्हटलं, शाळेत पोषण आहाराची ताटं आहेत, धुवायला तिथली पाण्याची टाकीही आहे, मुख्याध्यापकांना विचारते. नानांना ते ऐकवेना. "शासकीय मालमत्ता खाजगी कामाला? मॅडम, तुम्ही नोकरदार आहात!" शेवटी त्यांना तोडगा सापडला. पूर्वी आपल्याकडे पंगतीला जाताना माणसं घरून ताट-तांब्या नेत, जेवून झालं की आपलं ताट आपण घरी नेऊन घासत. म्हाताऱ्यांना अजून आठवतं. नाना म्हणाले, तेच करायचं. प्रत्येकानं आपलं ताट आणायचं. कचरा शून्य, पाणीही वाचलं!

मला ही कल्पना भयंकर आवडली. मी टाळ्याच वाजवल्या. पण नानांनी ती अमलात आणली ती त्यांच्या पद्धतीनं. त्यांनी लग्नाची पत्रिका शासन निर्णयात लिहिली.

वर 'विषय : कनिष्ठ कन्येचा विवाह करणेबाबत'. खाली प्रस्तावना : 'उभय पक्षांची संमती प्राप्त झाल्याने सदर विवाहाची बाब विचाराधीन होती'. मग निर्णय. सर्व ग्रामस्थांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. भोजनास येताना प्रत्येकाने आपले ताट व तांब्या सोबत आणणे बंधनकारक राहील. प्लास्टिक अथवा थर्माकोलची वस्तू आढळल्यास जप्त करण्यात येईल. आणि सर्वांत शेवटी, 'प्रत माहितीसाठी : कुलदैवत.'

मी हसून हसून कॉटवर पडले. मला वाटलं, गंमत आहे. "नाना, हे लग्न आहे हो!"

"लग्न म्हणजे तरी काय मॅडम, निर्णयच ना?" ते म्हणाले. "यात बोलावणं आहे, तारीख आहे, जेवण आहे. अजून काय लागतं?"

कागद वाया जायला नको म्हणून त्यांनी प्रतीही मोजक्याच काढल्या. एक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, एक मारुतीच्या पारावर आणि एक ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावर, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीखाली.

ती पहिली वाचली आबांनी. आबा नानांचे चुलतभाऊ, वयानं थोरले, सगळ्या भावकीत शब्द त्यांचा. लहानपणी दोघं एकाच सायकलवर शाळेत गेलेले. मी शाळेत निघाले होते, तेव्हा आबा बोर्डापुढे उभे होते आणि त्यांच्याभोवती माणसं जमत होती.

"मी आल्तो माझं नाव थकबाकीत हाय का बघायला," आबांचा आवाज चढत गेला, "खाली पाहतो तर माझ्या पुतणीचं लगीन! पाणीपट्टीच्या खाली! हे आवतन हाय का नोटीस?"

"बंधनकारक म्हणं," दुसरा म्हणाला.

"जप्त करतो म्हणं," तिसरा म्हणाला.

"दारात येऊन कुंकू लावलं न्हाई, या म्हटलं न्हाई. वरून ताट घेऊन या! भिकारी समजला का भावकीला?" आबांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "पोरीचा काय कसूर न्हाई, अक्षता टाकायला जाऊ. पंगतीला कोणी बसायचं न्हाई."

शहरातल्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्या भागात पोरीच्या लग्नात गाव जेवलं नाही, ही गोष्ट पोरीच्या आधी सासरी पोचते. मग जन्मभर प्रत्येक जाऊबाई, प्रत्येक नणंद ते एका वाक्यात काढू शकते. काकूंनी नानांशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत. "मॅडम, त्यांना सांगा भाकरी झाली." नाना समोरच बसलेले असायचे.

नानांचा मात्र विश्वास ढळेना. "नियम आहे म्हटल्यावर येतील," म्हणायचे. मी चिडून त्यांना विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आणा ना त्या शेठजींच्या पत्रावळ्या. ते म्हणाले, "मॅडम, आख्खी नोकरी मी लोकांच्या दारात जाऊन सांगत हिंडलो. शोषखड्डा खंदा, संडास बांधा, झाड लावा. लोकांनी खंदले ते माझ्याकडं बघून, शासनाकडं बघून न्हाई. आता माझ्या दारच्या लग्नात मीच मोडला तर ते सगळे खड्डे खोटे झाले."

मला त्यांचा राग येईनासा झाला. पण प्रश्न तिथंच होता.

लग्नाआधी भावकीतल्या घरोघरी नवऱ्या मुलीला जेवायला बोलावतात. त्याला आमच्याकडे गडगनेर म्हणतात, बाकीकडे केळवण. धाकटी रजा घेऊन घरी आली, हळदीचा दिवस जवळ आला, पण एकाही घरून बोलावणं नाही. ती दिवसभर माझ्या माडीवरच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता बघत बसायची. कोणी येताना दिसलं की सावरून बसायची, आणि माणूस पुढे निघून जायचा. एका दुपारी ती उठली, खाली जाऊन काकूंच्या मांडणीवरचं आपलं ताट घेतलं आणि म्हणाली, "ताई, चला माझ्यासोबत."

"कुठं?"

"गडगनेरला."

ऊन असं तापलेलं की चपलेतून चटके. ती पुढे, ताट छातीशी धरून, मी मागे. रस्त्यातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. ती थेट आबांच्या ओट्यापाशी जाऊन थांबली. आबा सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता तसाच हातात राहिला.

"आबा," धाकटी म्हणाली, शब्द एकूणएक स्पष्ट, "बोलावण्याची वाट पाहून थकले. नानांची लेक हाय मी, ताट सोबत आणलंय. वाढता का जाऊ?"

आबांच्या मिशा हलल्या. तेवढ्यात आतून मोठ्याई आल्या. मोठ्याई म्हणजे आबांची बायको. त्यांनी दारातली पोर पाहिली, हातातलं ताट पाहिलं आणि तिला पोटाशीच धरलं. "माय माझी! असं दारात उभं राहायचं का ग?" मग नवऱ्याकडे वळल्या. "लेक ताट घेऊन दारात आली, आन् तुमचा मान अजून फुगूनच राह्यलाय!"

"तिला कोण काय म्हणलं?" आबा पुटपुटले.

"मंग भीक मागून राह्यले का मी, आबा?" धाकटीनं विचारलं. "आपल्या घरी आपलं ताट आणलं तर भीक कशी?"

आबा उठले आणि आत जाऊन त्यांनी स्वतः पाट मांडला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि मोठ्याईंनी घाईघाईनं हलवलेला शिरा. धाकटी रडत रडत जेवली, मोठ्याई रडत रडत वाढत होत्या, मला दोघींना बघून रडू येत होतं, आणि शिरा इतका सुंदर झाला होता की मी दोनदा मागून घेतला! निघताना आबा एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, आवतन बोर्डावर राहात न्हाई. पायानं येतं."

त्यानंतरच्या दिवसांत धाकटी त्याच ताटात घरोघरी जेवून आली. आता तिला जावं लागत नव्हतं, बोलावणी येत होती, पण ताट ती नेतच राहिली. आणि घरी येऊन तिनं नानांना सांगितलं, "मी ताट घेऊन गेले. आता तुम्ही कुंकू घेऊन जा."

नाना निघाले. एका हातात करंडा, पाठीमागे काकू, त्याच्या मागे मी. पहिल्या घरी नाना दारात जाऊन उभे राहिले आणि सवयीनं खाकरून म्हणाले, "सदर विवाहास..." काकूंनी असं काही बघितलं की नानांनी वाक्य तिथंच सोडलं. "या," नाना म्हणाले. "सगळे या. चूलबंद आवतन हाय." चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, घरदार आमच्याकडे जेवायचं. मग ताटाचं सांगायचं राहिलंच की! ते पुन्हा माघारी वळले. "तेवढं ताट घेऊन आले तर... पाण्याचं तुम्हाला माहीतच आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना विनंती करताना ऐकलं. चार घरं झाल्यावर मात्र गडी रंगात आला. दारोदार हिंडायची सवय जुनीच होती ना! कोणाची पायरी खचलीय, कोणाचा शोषखड्डा तुंबलाय, सगळ्याची चौकशी करत, हसत, पाणी पीत आम्ही गाव पालथं घातलं. म्हाताऱ्या बायका नानांना पूर्वीच्या पंगतींच्या गोष्टी सांगत होत्या. आबांच्या दारात पोचलो तेव्हा नाना पुन्हा ताठरले. काकूंनी मोठ्याईंना कुंकू लावलं. नाना खाली बघत म्हणाले, "आबा, या."

"बघू," आबा म्हणाले. बस, एवढंच.

लग्नाच्या दिवशी मांडव नानांच्या मोसंबीच्या बागेत. झाडांची सावली, वर कापडाचा मांडव, आंब्याच्या पानांची तोरणं. नवऱ्याकडची मंडळी पाहुणी. त्यांना ताटं आणायला सांगता येत नव्हती, म्हणून काकूंच्या मांडणीवरचं एकूणएक ताट त्यांच्यासाठी लावलं होतं. घरात एक वाटीसुद्धा शिल्लक नव्हती. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, सगळ्याचा वास बागेत भरून राहिलेला. आणि गाव आलं! अक्षता टाकायला सगळं गाव आलं. आबासुद्धा, फेटा बांधून, पहिल्या रांगेत.

पण हात सगळ्यांचे मोकळे. एकाच्याही हातात ताट नव्हतं.

मी नानांकडे बघत होते. मंगलाष्टकं चालू असताना त्यांची नजर एकेका हातावरून फिरत होती. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री वाजली, आणि सगळं गाव उठलं. उठलं आणि बागेच्या फाटकातून बाहेर पडलं. बायका, म्हातारे, पोरंठोरं, सगळे. आबा सर्वांत पुढे. बघता बघता मांडव रिकामा झाला. व्याही गोंधळून विचारायला लागले, "काय झालं? मंडळी कुठं चालली?" काकू जागच्या जागी खाली बसल्या. धाकटी मुंडावळ्या बाजूला करून फाटकाकडे बघत होती. नाना कढईजवळ उभे होते, हातात पुऱ्यांचा झारा, आणि चेहरा असा की मला तो अजून आठवावासा वाटत नाही. मी मनातल्या मनात आबांना जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या.

आणि मग आवाज आला.

आधी वाटलं, वाजंत्रीवालेच. पण तो आवाज गावाच्या बाजूनं येत होता. खणखण, खणखण! पोरं चमच्यांनी ताटं बडवत धावत येत होती. त्यांच्या मागे बायका, पदराखाली ताटं, कडेवर तांबे. अहो, अक्षतांना ताट घेऊन कोण उभं राहतं? ताटं आणायला गेले होते सगळे घरी! स्टीलची ताटं, पितळी ताटं, चेपलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची ताटं. बहुतेकांवर नावं कोरलेली. कुणाच्या बारशाची भेट, कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ. एका गड्यानं तर परातच आणली होती. "नाना, नियमात परात बसती का?" तो लांबूनच ओरडला, आणि सगळी बाग हसली. मी पुऱ्यांची टोपली घेऊन नुसती धावत सुटले. भाजी वाढू का भात, काही कळेना! काकू उठल्या, धाकटी बोहल्यावरून ओरडून बायकांना बसायच्या जागा दाखवायला लागली, नवरामुलगा तिच्याकडे बघतच राहिला. नाना फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. "या, या," एवढंच म्हणत होते, दुसरा शब्द नाही.

पंगतीवर पंगती उठल्या. जेवून झालं की जो तो आपलं ताट उचलून घरी. मागे राहिली ती मोसंबीच्या बुंध्याशी सांडलेली थोडी बुंदी, तिला मुंग्या लागल्या होत्या.

शेवटच्या पंगतीला आबा आले. मोठ्या काठाचं जुनं पितळी ताट, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. ते मांडी घालून बसले आणि त्यांनी नानांना हाक मारली, "दिवसभर वाढून राह्यला. बस आता. तुझं ताट कुठंय?"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. मीही पाहिलं, काकूंनी पाहिलं. घरातलं शेवटचं ताट सकाळीच पाहुण्यांकडे गेलेलं, ती सगळी आता उष्टी पडलेली. सगळ्या गावाला ताट आणायला सांगणाऱ्या माणसाकडे स्वतःचं ताट नव्हतं.

"न्हाई, आबा," नाना हळूच म्हणाले. "राह्यलंच."

आबांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग आपलं ताट थोडं पुढे सरकवलं आणि मांडी आवरून शेजारी जागा केली. नाना बसले. दोन म्हाताऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागले. मी बुंदीची परात घेऊन पुढे झाले आणि हात आखडता घेऊन थोडीशीच वाढली, कारण ताट एकच होतं.

आबा मान वर न करताच म्हणाले, "मॅडम, दोघांची वाढा."